आठवी चिमणी

पुण्याची बॅले कंपनी बीडला येणार, ही बातमी विजयमालाबाईंच्या डान्स क्लासच्या ग्रुपवर पडली. चोपन्न आयांपैकी एकोणपन्नास जणींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि पाच जणींनी विचारलं, बॅले म्हणजे काय? या पाच जणी प्रामाणिक होत्या.

बाईंचा क्लास खताच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. तिथं आजवर स्नेहसंमेलनाची गाणी बसली होती आणि सीझनमध्ये नवरीच्या एंट्रीचे नाच. बाईंनी आयांना बोलावून समजावलं, की बॅले म्हणजे पायाच्या अंगठ्यांवर उभं राहून, तोंडानं अवाक्षर न काढता सांगितलेली गोष्ट.

"तोंडानं कायच न्हाई?" एका आईनं विचारलं. "मंग कोण कुणावर चिडलंय ते कळायचं कसं?"

आयुष्यभर सासरी राहिलेल्या बाईचा प्रश्न होता.

कंपनीची पद्धत अशी, की प्रत्येक गावात आठ मुली तिथल्याच घ्यायच्या. 'रानाची राजकन्या' या त्यांच्या बॅलेत आठ चिमण्या आहेत, त्या या मुली. यामागे कलेचा प्रसार वगैरे आहेच. पण आठ मुली आणि त्यांच्या आठ आया बसमधून गावोगाव फिरवणं कुणालाच झेपत नाही, आणि आठ मुलींमागे आत्या, माम्या, चुलते धरून हॉलच्या दहा रांगा आपोआप भरतात, हेही आहे. बॅले बसवणारे त्रिंबक सर हे दुसरं कारण कधी बोलून दाखवत नसत, पण रांगा मात्र मोजत असत.

त्रिंबक सर मूळचे बीड जिल्ह्यातलेच, गेवराई तालुक्यातल्या उमापूरचे; वीस वर्षांपूर्वी पुण्याला गेले ते तिथलेच झाले. ही गोष्ट त्यांनी बीडमध्ये पाऊल टाकल्यापासून कुणाला कळू दिली नव्हती. उमापूरचं नाव निघालं असतं तर तासाभरात तीन मेहुणे आणि एक वर्गमित्र निघाला असता, आणि चौघांच्याही घरात नाचणारी पोर निघाली असती. म्हणून सर छापील मराठी बोलत आणि चहाला "नको, धन्यवाद" म्हणत. बीडमध्ये चहाला नको म्हणणारा माणूस परगावचाच असणार, याबद्दल कुणालाही शंका आली नाही.

निवडसुद्धा त्यांनी तशीच हुशारीनं केली. आधीच्या गावांत त्यांनी सभापतींची पुतणी, चेअरमनची नात आणि एका ठिकाणी तर चक्क आमदारांच्या ड्रायव्हरचा भाचा चिमणी म्हणून नाचवला होता. आता त्यांनी पडदा खाली सोडायला लावला, जमिनीपासून हातभर जागा मोकळी ठेवली आणि स्वतः समोर सतरंजीवर बसले. पोरींच्या घोट्याला नंबराच्या पट्ट्या बांधल्या होत्या. पोरी पडद्यामागं नाचल्या आणि सरांना दिसले फक्त पाय. चेहरा नाही, आडनाव नाही, आई नाही. त्यांनी आठ नंबर काढले. त्यातला एकतीस नंबर निघाला संस्कृतीचा.

संस्कृती म्हणजे अर्जुनरावांची नात. अर्जुनराव म्हणजे दोनदा पंचायत समितीचे सभापती आणि पाली रोडवरच्या मंगल कार्यालयाचे मालक. आणि नाट्यगृहाची तारीख न मिळाल्यामुळे बॅले होणार होता तो याच मंगल कार्यालयात. आता पडदा हातभर वर होता की वीतभर, सरांना कोण कुणाची ते ठाऊक होतं की नव्हतं, हा हिशेब बीडला सांगून काय उपयोग? बीडनं आपला हिशेब आधीच मांडून ठेवला होता.

तो पहिल्याच तालमीला उज्ज्वलानं वाचून दाखवला. उज्ज्वला पालीच्या सिदूची पोरगी. घरी शेळ्या-मेंढ्या, त्यामुळे तिच्या पायाला दम होता आणि जिभेलाही. आठी जणींत ती सगळ्यात बुटकी, म्हणून रांगेत पहिली. संस्कृती सगळ्यात उंच, म्हणून आठवी.

"कार्यालय आजोबाचं, जनरेटर आजोबाचा, चहा आजोबाचा," उज्ज्वला पंख बांधता बांधता म्हणाली. "मंग चिमणी कुणाची?"

बाकीच्या सहा चिमण्या खुदकल्या.

"सरांनी पाय बघितलेत माझे," संस्कृती म्हणाली. "पायावर काय आजोबाचं नाव गोंदलंय?"

"पायात चांदीचे पैंजण हुते की."

"काढून ठेवलते!"

"बरं," उज्ज्वला म्हणाली. या 'बरं'मध्ये मान्य केल्यासारखं काहीही नव्हतं.

सातवीतल्या मुलीला आयुष्यात एवढी एकच गोष्ट स्वतःच्या पायांनी मिळाली होती. शाळेत पहिल्या बाकावर बसली, तर सभापतींची नात म्हणून. वक्तृत्वात बक्षीस मिळालं, तर पाहुणे कोण होते ते आधी बघा, असं. एकतीस नंबर मात्र तिचा स्वतःचा होता. आणि त्यात पुन्हा लातूरचं आलं.

लातूरला आणि नांदेडला सरांना चिमण्या मिळाल्या नव्हत्या. तिकडच्या आया मुलींना क्लासला धाडतात ते डॉक्टर करायला, चिमण्या करायला नाही. तेव्हा सरांनी तालमीतच जाहीर केलं, "बीडचा प्रयोग झाल्यावर मी जाणाऱ्या मुलींची नावं वाचीन. त्या मुली दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसनं लातूरला आणि तिथून नांदेडला येतील. नियम एकच आहे. चिमण्यांची रांग मोडता कामा नये. जी रांग सोडेल, ती घरी राहील. कारण सांगायचं नाही, मी ऐकणार नाही."

संस्कृतीनं त्या रात्री जेवताना आजोबांना गाठलं. आपल्याला लातूरला जायचंय आणि ते आपल्या नाचावर जायचंय, एवढं तिनं सांगितलं. अर्जुनरावांना त्यातलं लातूर तेवढं ऐकू आलं.

"त्यात काय येवढं? मी बोलतो की त्या सरला."

"न्हाई! आजोबा, तुमी बोलायचंच न्हाई."

"आन् तू शेवटाला कावून? आठवी? माझ्याच कार्यालयात माझी नात शेवटाला?"

"मी उंच हाय म्हणून."

"उंच माणूस म्होरं असतो."

"तुमी एक शब्द जरी बोललात, तर मी पंख सोडून घरी येईन. केशर आजीची शपथ."

केशरबाई वाढत होत्या. आपली शपथ न विचारता घातल्याबद्दल त्यांनी नातीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि नातीच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. घराचं मत कुणीकडे आहे ते अर्जुनरावांना कळलं.

"बरं," ते म्हणाले. "न्हाई बोलणार. कुणाला एक शब्द न्हाई."

आणि खरोखर, त्यांनी शब्द पाळला. नुसता पाळला नाही, त्यासाठी त्यांनी जे जे सोडलं त्याची यादी ऐकली तर जिल्ह्यातल्या कुठल्याही पुढाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी दीपप्रज्वलन सोडलं. सत्कार सोडला. तयार असलेले चोवीस फेटे परत कपाटात गेले. स्टेजवरच्या खुर्च्या गेल्या. मागचा बॅनर, ज्यावर राजकन्येपेक्षा अर्जुनरावांचा फोटो दीडपट मोठा होता, तो उतरवला गेला. मुलगा विजयसिंह म्हणालाही, "आबा, निवडणूक तोंडावर हाय." तर त्यालाच गप्प बसवलं. बीड जिल्ह्यात शाल-नारळाविना कार्यक्रम म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही.

राहता राहिलं एक. प्रयोगाच्या दुपारी कार्यालयाचे मॅनेजर आप्पाराव छापील पत्रक घेऊन आले. वीस वर्षं लग्नं लावण्यात गेलेला माणूस. त्यांनी पत्रकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"मालक, तिसऱ्या अंकात लग्न हाय. राजकन्येचं."

"मंग?"

"अक्षता?"

अर्जुनराव दुखावले. "ही इचारायची गोष्ट हाय का, आप्पाराव? माझ्या कार्यालयात लग्न, आन् अक्षता न्हाईत? लोक काय म्हणतील?"

यात नातीबद्दल एक शब्दही नव्हता, हे कुणीही कबूल करील.

आता अक्षता म्हटल्या की पुण्याकडे तांदूळ डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडे ज्वारी. हळद-कुंकवात घोळलेली, टपोरी, गोल गोल ज्वारी. डोक्यावर पडली तर लागत नाही आणि जमिनीवर पडली तर थांबत नाही.

हॉल भरला. सहाशे माणसं. डावीकडे बाया, उजवीकडे बाप्ये, कुणी सांगितलं नव्हतं तरी. उज्ज्वलाचे आईबाप, सिदू आणि साखराबाई, पालीहून मोटारसायकलवर आले होते आणि चौथ्या रांगेच्या दोन टोकांना बसले होते. आप्पारावांची माणसं परातीतून फिरली आणि प्रत्येकाच्या मुठीत चिमूट चिमूट ज्वारी आली. लोकांनी ती न विचारता घेतली. मंगल कार्यालयात कुणी मुठीत ज्वारी दिली तर त्यात विचारायचं काय?

त्रिंबक सर विंगेत होते. त्यांनी दिवसभर स्टेजवरच्या त्या करड्या मॅटची राखण केली होती. पुण्याहून गुंडाळून आणलेली ती मॅट म्हणजे त्यांचा जीव. चपला नाहीत, पाणी नाही, रांगोळी तर नाहीच. सकाळी आप्पारावांनी कोपऱ्यात काढलेलं कमळ त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसलं होतं. विंगेतून हॉल दिसत नाही. त्यामुळे सहाशे मुठी त्यांना दिसल्या नाहीत.

पहिले दोन अंक लोकांनी अगदी शहाण्यासारखे पाहिले. राजकन्या अंगठ्यांवर उभी राहिली तेव्हा बायांच्या बाजूनं "अगंबया" असा एक सामुदायिक उद्गार आला. राक्षस आला तेव्हा बाप्यांच्या बाजूनं शिट्टी आली. कोण कुणावर चिडलंय ते व्यवस्थित कळत होतं. चिमण्या दोनदा येऊन गेल्या, रांग सुतासारखी. आठव्या चिमणीचे पाय बघायचं कुणाला सुचलं नाही, पण ते चांगले पडत होते.

तिसरा अंक. मंडप, रोषणाई. राजकन्येनं रानातल्या तरुणाच्या गळ्यात हार टाकला. बरोबर त्याच क्षणी संगीतानं एक श्वास घेतला, अगदी दोन सेकंदांचा.

हार पडला आणि वर शांतता झाली की आपण काय करतो?

सहाशे हात एकदम उठले. राजकन्येवर, नवऱ्यावर, राजावर, चिमण्यांवर आणि मुख्य म्हणजे मॅटवर टप टप टप टप ज्वारी पडली. उडाली, घरंगळली, पसरली. आणि तेवढ्यावर भागलं नाही. अक्षता पडल्या म्हणजे लग्न लागलं, लग्न लागलं म्हणजे पंगत. वीस-पंचवीस वर्षांच्या सवयीनं मागच्या चार रांगा उठल्या आणि पहिली पंगत धरायला जेवणाच्या हॉलकडे वळल्या.

विंगेत त्रिंबक सरांचे ओठ दोनदा हलले. मग वीस वर्षं दाबून ठेवलेलं उमापूर बाहेर आलं.

"कुणी टाकली बे ही ज्वारी? आरं, तंगडं मोडंल की पोरीचं!"

शेजारी उभ्या असलेल्या विजयमालाबाई चमकून त्यांच्याकडे बघायला लागल्या. पण ती वेळ सरांचं गाव विचारायची नव्हती. पुढचा सगळा प्रकार त्यांनाही पाठ होता. आता चिमण्या रांगेनं आत येणार. मग दीड-दोन मिनिटं राजाची मिरवणूक. आणि मग राजकन्या मागच्या कोपऱ्यातून निघणार, अंगठ्यावर गिरक्या घेत घेत तिरपी पुढच्या कोपऱ्यापर्यंत. एकवीस गिरक्या. खाली गोल ज्वारी. संगीत रेकॉर्ड केलेलं, ते काही कुणासाठी थांबणार नाही.

चिमण्या निघाल्या. उज्ज्वला पुढं, तिच्यामागं सहा जणी, शेवटी संस्कृती. ज्वारीवरून पाय सावरत त्या विंगेत शिरायला लागल्या. शेवटच्या माणसाला सगळ्यांच्या पाठी दिसतात आणि मागं काय राहिलं तेही त्यालाच दिसतं. संस्कृतीला कोपऱ्यात उभी राजकन्या दिसली. तिचं हसू जागेवर होतं, पण डोळे जमिनीवरून हलत नव्हते. आणि पहिल्या रांगेत आजोबा दिसले. ते प्रसन्न होते. लग्न नीट पार पडलं होतं.

तिला सगळं कळलं. परात कुणाची, ज्वारी कुणाची, आणि रांग सोडली तर काय होईल तेही. विंग चार पावलांवर होती. चार पावलं, आणि लातूर.

ती वळली.

पंख पसरून, उड्या मारत ती परत मॅटवर आली, मान दोनदा तिरपी केली आणि टिपायला लागली. दोन्ही हातांच्या चोची करून, टिपलेली ज्वारी झग्याच्या ओच्यात टाकत. उगाच सगळीकडे नाही. तालमीत राजकन्येच्या गिरक्या तिनं रोज मोजल्या होत्या, एकवीसच्या एकवीस कुठं कुठं पडतात ते तिला ठाऊक होतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तेवढीच एक वाट ती साफ करत निघाली.

उज्ज्वला विंगेत पोचली होती. मागं वळून तिनं मोजलं तर सातच.

"ही बया कुठं ऱ्हायली?" म्हणत तिनं डोकावलं, आणि एका नजरेत तिलाही उमगलं. सरांच्या तोंडाकडे तिनं पाहिलं नाही, पाहिलं असतं तर गेली नसती. "चला गं," ती म्हणाली, आणि सात चिमण्या होत्या त्याच क्रमानं, तशाच रांगेत उड्या मारत पुन्हा बाहेर आल्या. संस्कृतीच्या मागं ओळ लागली. एक टिपायची, दुसरी पंखानं लोटायची. राजाच्या मिरवणुकीतले मोठे कलाकार शहाणे, त्यांनी थोडं बाजूनं चालायला सुरुवात केली. एक सरदार तर पाय घासत ज्वारी कडेला सारत गेला आणि तोंडावर भाव असा, की आमच्या राज्यात असंच चालतात.

पंगतीला निघालेले लोक थांबले. चिमण्या ज्वारी टिपताहेत म्हटल्यावर कोण जाणार? "बसा की खाली!" असा ओरडा झाला. बायांच्या बाजूनं कुणीतरी उरलेली चिमूटभर ज्वारी प्रेमानं आणखी टाकली, तिला तिच्या जावेनं हातावर मारलं.

शेवटची चिमणी आत गेली आणि गिरक्यांचं संगीत सुरू झालं. राजकन्या निघाली. एक, दोन, तीन... विंगेत आठ जणी ओठांत मोजत होत्या. अकराव्या गिरकीला एक दाणा चुकून राहिला होता, तो तिच्या पायाखालून सुटून थेट अर्जुनरावांच्या बुटावर आपटला. त्यांनी बुटाकडे पाहिलं. मग मॅटकडे. मग राजकन्येच्या अंगठ्याकडे. सभापती हळू होते, पण मठ्ठ नव्हते. एकवीस होईपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता.

टाळ्या पाच मिनिटं चालल्या.

पडदा पडल्यावर सरांनी चिमण्यांना नवरीच्या खोलीत बोलावलं. आरशासमोर आठी जणी उभ्या राहिल्या, ओच्यात ज्वारी. दारात अर्जुनराव येऊन उभे. सर पुन्हा छापील मराठीवर आले होते.

"नियम काय सांगितला होता?"

आठी जणी आपापल्या ओच्यातल्या ज्वारीकडे बघायला लागल्या.

"संस्कृती, रांग तू सोडलीस."

"व्हय, सर."

"कारण ऐकणार नाही, असंही म्हटलं होतं."

"मी न्हाई सांगत, सर."

दारातून अर्जुनराव एक पाऊल पुढं आले. चूक माझी, ज्वारी माझी, पोरीला कावून शिक्षा, हे सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं दिसत होतं. तीस वर्षांत त्यांनी एवढं लांब भाषण आत कधी गिळलं नव्हतं. संस्कृतीनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, मान नाही म्हणून हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी शब्द पाळला.

सरांनी खिशातून कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"सर," उज्ज्वला म्हणाली. "कुणाचं नाव काटताय?"

"रांग सोडली तिचं."

"मंग आठीबी काटा. आमीबी गेलतो की."

"तुम्ही नंतर गेलात."

"नंतर म्हंजे किती, दहा मोजस्तोवर. आन् बगा सर, आमच्यात एक शेळी कळप सोडून गेली तर तिला हुडकायला जातेत. पण सगळाच कळप गेला, तर तो चुकला असं कुणी म्हणत न्हाई. त्याला चारायला नेला म्हणतेत. रांग कुठं मोडली? पहिली मी, शेवटली ही. फकस्त म्होरं शेवटलीनं नेलं."

बाकीच्या सहा जणींनी नकळत उंचीप्रमाणं रांग सरळ केली.

"आणि हिला का घ्यायचं?" सरांनी संस्कृतीकडे बोट केलं. "आजोबांचं कार्यालय म्हणून?"

"कार्यालयाचं काय घिऊन बसलाव?" उज्ज्वला उखडली. "एकवीस गिरक्या कुठं पडतेत ते हिच्याबिगर कुणाला म्हाईत हाय? तुमाला तर म्हाईत हाय का?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"बस सकाळी सातला सुटेल," ते म्हणाले. मग आरशात स्वतःकडे बघून, वीस वर्षांचं ओझं उतरवल्यासारखं, "आन् उशीर झाला तर थांबणार न्हाई, कुणाचीबी नात असू द्या. आता कुणीतरी चहा पाजा बे!"

आठ चिमण्या किंचाळत बाहेर पळाल्या. दारात उज्ज्वलानं संस्कृतीच्या पंखाची सुटलेली नाडी दाताखाली धरून करकचून बांधली आणि "लातूरला खिडकी माझी" एवढंच बोलली.

अर्जुनराव नातीसमोर आले. त्यांना आता बोलायची परवानगी आहे की नाही, ते ठरत नव्हतं.

"मी येऊ का लातूरला?" त्यांनी विचारलं. आवाज सभापतीचा नव्हता.

संस्कृतीनं जरा विचार केला.

"या. पण आपल्या गाडीतून मला न्यायचं न्हाई, मी बसमधी जाणार. तिथं कुणाला फोन करायचा न्हाई. तिकीट काढायचं आन् नंबर येईल तिथं बसायचं."

"बरं," अर्जुनराव म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी विजयसिंहाला बाजूला घेतलं. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांत ते कुठल्याच कार्यक्रमाला पहिल्या रांगेच्या मागं बसले नव्हते, आणि पासाशिवाय आत गेले नव्हते.

"इज्या," त्यांनी हळूच विचारलं, "तिकीट कुठं काढतेत बे?"